सयाजी पैलवानाचा हलका हात

सयाजी चौगले दवाखान्यात कामाला लागला तेव्हा पहिले काही दिवस रोगीच त्याला भ्यायचे. दारातून आत येताना त्याला जरा तिरकं व्हावं लागायचं, एवढे त्याचे खांदे रुंद. दोन्ही कान तालमीच्या मातीत चेपून चेपून कणकेच्या गोळ्यांसारखे झालेले. त्यात उजव्या पायाने लंगडायचा. तापाच्या ग्लानीतल्या माणसाने डोळे उघडावेत आणि समोर हा उभा दिसावा, की ते बिचारं पुन्हा डोळे मिटून घ्यायचं. आमच्या वॉर्डातल्या आया झुंबरबाई त्याला तोंडावर म्हणायच्या, "सयाजी, तू जरा बसून काम करत जा की रं. उभा ऱ्हायलास की अंधार पडतोय."

तो नुसता हसायचा. त्याला कुणाच्या बोलण्याचं वाईट वाटत नसे.

मी तेव्हा त्या दवाखान्यात नर्स होते. कोल्हापुरात रंकाळा तळ्याच्या अंगाला तो जुना धर्मादाय दवाखाना होता. गावातल्या काही भल्या माणसांची कमिटी तो चालवायची. माझे वडील शाळामास्तर. मुलीने नर्स व्हावं हे त्यांना पटलेलं नव्हतं, त्यामुळे घरी मी दवाखान्यातलं फारसं बोलत नसे. सयाजीबद्दल मात्र बोलायची, आणि वडीलही कान देऊन ऐकायचे. सयाजीची खासबागेतली एक कुस्ती त्यांनी स्वतः पाहिली होती.

सयाजी मूळचा गडमुडशिंगीचा. पोरगं अंगाने भरतंय असं बघून बापाने त्याला मिसरूड फुटायच्या आत कोल्हापूरच्या एका तालमीत आणून सोडलं. तेव्हापासून लाल माती हेच त्याचं घर. पहाटे उठून हौद्यातली माती उकरायची, जोर-बैठका मारायच्या, दरबाराकडून मिळणारा खुराक खायचा आणि वस्ताद सांगतील त्याच्याशी लढायचं. नाव होत आलं होतं. मग एका कुस्तीत समोरचा पैलवान त्याच्या पायावर असा पडला की गुडघा निखळला तो कायमचाच. त्याच सुमाराला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि दरबारी खुराकही थांबला. धडधाकट पैलवानांचीच जिथे ओढाताण, तिथे लंगड्याला कोण विचारणार? वस्तादांनी ओळख काढून त्याला आमच्याकडे चिकटवलं. स्ट्रेचर उचलणं, ऑक्सिजनची टाकी हलवणं, खाटा सरकवणं, गेलेल्या माणसाला शवागारात नेणं, जे जड असेल ते सयाजीचं काम.

कामात त्याने कधी कुचराई केली नाही. पण दुपारी सगळं आवरलं की मागच्या पायरीवर एकटाच बसायचा. लग्न केलं नव्हतं. तालमीत झोपायचा, पण तिथेही आता तो फक्त पोरांना मालिश करून द्यायचा. एकदा मी सहज विचारलं, "गावाकडं का जात नाही सयाजी? शेती आहे म्हणता."

"जाऊन काय सांगू शिस्टर? बानं पैलवान करायला धाडलं, हमाल होऊन आलो?"



त्रिशला आमच्याकडे आली ती चोपन्न सालच्या उन्हाळ्यात. कुरुंदवाडचं जैन शेतकरी घर. वडील गोमटेश, आई रत्नाबाई. उसाची शेती, घरचं गुऱ्हाळ, खाऊनपिऊन सुखी माणसं. पण मुलांचं सुख नव्हतं. आधीची दोन मुलं चालायला शिकता शिकता खोकून खोकून गेली होती. त्रिशला सहा वर्षांची, पण दिसायला चारची. हातपाय काडीसारखे, पोट पुढे आलेलं, बोटांची टोकं फुगलेली. भूक मात्र मोठ्या माणसाची. पण खाल्लेलं अंगी लागतच नव्हतं. आणि खोकला असा की ऐकणाऱ्याने आपली छाती धरावी. क्षय समजून तिला दुसरीकडे कितीतरी महिने सुया टोचल्या होत्या. त्याने काही फरक पडला नव्हता.

आमच्याकडेही तिला क्षयाच्याच व्हरांड्यात खाट मिळाली, कारण दुसरी जागा नव्हती. म्हातारे, तरणे, पोरं, खोकणारे सगळे एका रांगेत. संध्याकाळी सहाची घंटा झाली की नातेवाइकांनी बाहेर जायचं, हा नियम आईलाही लागू. रत्नाबाई फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली बसून राहायच्या. आतून खोकल्याचा आवाज आला की उठून उभ्या राहायच्या. एवढ्या जणांत त्यांना लेकीचा खोकला नेमका ओळखू यायचा.

आणखी एक अडचण होती. ही मंडळी दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, आणि आमच्याकडे रात्रीचं जेवण दिवेलागणीनंतर यायचं. त्रिशला ताट तसंच ठेवायची. "अव्वा रागवंल," म्हणायची. त्यांच्याकडे आईला अव्वा म्हणतात. भुकेने डोळ्यांत पाणी यायचं, पण घास तोंडात घालायची नाही.

डॉक्टर श्यामला सबनीस त्याच वर्षी आमच्याकडे आल्या होत्या. बारीक चणीच्या, बोलणं मोजकं. विलायतेत मुलांच्या दवाखान्यात वर्षभर काम करून आलेल्या. त्यांनी त्रिशलाला तपासलं, बोटांची टोकं दाबून पाहिली, पोट पाहिलं, आणि मग रत्नाबाईंना एक भलताच प्रश्न विचारला.

"हिचा मुका घेतल्यावर ओठांना खारट लागतं का हो?"

रत्नाबाई चपापल्या. नवऱ्याकडे बघितलं. "लागतंय की. उन्हाळ्यात तर कपाळावर मीठ वाळतंय. पयल्या दोघास्नी बी तसंच व्हतं. का वो बाई?"

श्यामलाबाईंनी त्या दोघांना खाली बसवलं आणि स्वतःही स्टुलावर बसल्या. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, सिस्टिक फायब्रोसिस. आमच्यापैकी कुणीच ते ऐकलेलं नव्हतं. "मी खात्रीनं सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "ती तपासणी इथं होत नाही. आपल्या देशात हा आजार होतो असंही कुणी फारसं मानत नाही. पण मला वाटतंय ते हेच आहे. इतरांच्या छातीतला कफ पातळ असतो, हिच्या छातीत तो काकवीसारखा घट्ट होऊन बसतो. जन्मापासूनचं आहे. तुमची काही चूक नाही, आणि हा क्षय नाही."

गोमटेश गुऱ्हाळवाला माणूस. काकवी म्हटल्यावर त्याला सगळं एकदम समजलं. तो हळूच म्हणाला, "मग ती खरवडून काढाया पायजे."

"रोज," श्यामलाबाई म्हणाल्या. "रोज काढायला पाहिजे. मुळातून बरं करणारं औषध नाही. पण कफ रोज बाहेर पडला, पोटाला मानवेल असं अन्न मिळालं आणि या क्षयाच्या रांगेपासून ती लांब राहिली, तर तिचे दिवस पुष्कळ सोपे जातील."

"किती दिवस?" रत्नाबाईंनी विचारलं.

"ते मला सांगता यायचं नाही, बाई."

कफ काढायची रीत त्यांनी आम्हाला करून दाखवली. मुलीला उशांवर पालथं झोपवायचं, डोकं खाली, कंबर वर. मग हाताची वाटी करून पाठीवर, कुशीवर, खांद्याखाली थापत राहायचं, म्हणजे आतला कफ सुटतो आणि खोकून बाहेर पडतो. ऐकायला सोपं. पण हे सकाळी आणि दुपारी, जेवणाच्या आधी, चांगला वेळ करायचं. श्यामलाबाईंच्या खोलीबाहेर रोग्यांची रांग असायची. मी एकटी सगळा वॉर्ड बघायची. थोड्याच वेळात दोघींचे हात भरून आले. सयाजी तेव्हा खाटेचं पायतं उंच करायला विटा घेऊन आला होता. श्यामलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"सयाजी, हे तुम्ही शिकाल का?"

त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. "ह्या हातानं? न्हाय बाई. ह्यो हात मानगुटीवर पडला की गडी खाली बसतोय. पोरीची बरगडी ऱ्हाईल व्हय?"

"म्हणून तर शिकायचं म्हणते."

त्यांनी त्याला आधी उशीवर थापायला लावलं. पहिल्याच तडाख्यात उशीची शिवण उसवली. मग मी माझी पाठ पुढे केली. मला वाटलं होतं, आता तरी जपून मारील. मी टेबलावर जाऊन आदळले आणि झुंबरबाई हसून हसून खाली बसल्या. सयाजीचं तोंड मात्र एवढंसं झालं. "जमायचं न्हाय मला," म्हणून तो निघूनच गेला.

पण त्याला ते लागून राहिलं असावं. नंतर वस्तादांनी मला सांगितलं, की तो आठवडाभर तालमीतल्या हौद्याच्या कडेला बसून उकरलेल्या मऊ मातीवर थापत होता. माती दबायला नको, पण वाटीतल्या हवेचा आवाज मात्र भरदार यायला हवा. बाकीचे पैलवान चेष्टा करत होते, भाकरी थापायला शिकतोय म्हणत होते. हा आपला थापत होता.

एक दिवस सकाळीच येऊन म्हणाला, "शिस्टर, फुडं व्हा."

मी भीत भीत पाठ पुढे केली. खांद्यापासून कंबरेपर्यंत आवाज घुमत गेला, पण लागलं मात्र कुठेच नाही. एवढा मोठा पंजा, आणि जणू कुणी पोकळ द्रोण टेकवावा. श्यामलाबाईंनी स्वतः करून घेतलं आणि म्हणाल्या, "आता चला."

त्रिशला त्याला बघून खाटेच्या कडेला सरकली. सयाजी खाली जमिनीवर बसला, तरी दोघांची तोंडं समोरासमोर आली. तिने बराच वेळ निरखून पाहिलं.

"तुमचं कान कुणी चावलं?"

"कुणी न्हाय. मातीत घासलं."

"दुखत्यात?"

"आता न्हाय."

"हात लावू?"

त्याने मान खाली घातली. तिने दोन्ही कानांना बोट लावून पाहिलं, दाबून पाहिलं, आणि मग स्वतःच उशांवर पालथी झाली. "मारू नका पर मामा," एवढंच म्हणाली.

"न्हाय गं ल्येकी. मारायचं दीस गेलं माझं."

लांबून घोडा येत असावा तसा तो आवाज व्हरांड्यात भरला. बाकीचे रोगी उठून बघायला लागले. थोड्या वेळाने त्रिशलाला अशी उबळ आली की सयाजी घाबरून मागे झाला. भांड्यात हिरवट, घट्ट बेडका पडला, त्यामागून आणखी.

"काय मोडलं काय शिस्टर?" त्याने मला विचारलं.

"काही मोडलं नाही," श्यामलाबाई म्हणाल्या. "हेच हवं होतं."

त्या दुपारी त्रिशला उताणी झोपली. रत्नाबाई पायथ्याशी उभ्या राहून बघत होत्या. मला म्हणाल्या, "हिचं तोंड मिटल्यालं मी आज पयल्यांदा बगतो. कायम उघडंच असतंय वो, दमासाठी." आणि पदर तोंडाशी धरून व्हरांड्याच्या टोकाला निघून गेल्या.

दवाखान्याच्या आवारात एक बग्गीखाना होता. संस्थानी काळात कुणा दात्याची बग्गी तिथे राहायची. आता त्यात मोडक्या खाटा आणि कबुतरं होती. ती जागा मुलांसाठी मिळावी असं श्यामलाबाईंनी कमिटीपुढे मांडलं. अध्यक्ष अंबादासपंत जुने हेडमास्तर, शिस्तीचे, पण मनाने खोटे नव्हेत. ते म्हणाले, "डॉक्टर, क्षयाचे एवढे रोगी उघड्यावर पडलेत, आणि एका मुलीसाठी खोली?"

"एका मुलीसाठी नाही," श्यामलाबाई म्हणाल्या. "हिच्यासारखा आजार एखाद्यालाच. पण गोवरानंतर, डांग्या खोकल्यानंतर छाती बिघडलेली मुलं गावोगाव आहेत. ती खोकतात म्हणून आपण त्यांना क्षयाच्या शेजारी झोपवतो, आणि मग त्यांना क्षय होतो. आणि आईला रात्रभर बाहेर ठेवून आपल्याला काय मिळतं?"

पंतांनी "विचार करू" म्हटलं आणि विषय तिथेच राहिला.

मग एके दिवशी ते सहाच्या घंटेनंतर फेरीला आले. रत्नाबाई आतच होत्या. त्या दिवशी त्रिशलाला दम जास्त लागला होता, म्हणून सयाजी पुन्हा एकदा पाठ थापत होता आणि रत्नाबाई तिचं डोकं धरून बसल्या होत्या. पंत दारात थांबले. मी पुढे होऊन काहीतरी सांगायला गेले, तर त्यांनी हातानेच गप्प केलं. बराच वेळ बघत राहिले. मग सयाजीला म्हणाले,

"ही बरी होणार आहे का?"

सयाजीने हात थांबवला नाही. मुलीला ऐकू जाईल म्हणून आवाज मात्र खाली आणला. "न्हाय जी. डाक्टरीणबाई म्हणत्यात, बरं व्हायचं दुखणं न्हाय ह्ये."

"मग एवढा खटाटोप कशासाठी?"

"आज दम घ्यायचा हाय की तिला."

 रत्नाबाई उठून जायला लागल्या, तेव्हा पंत म्हणाले, "बसा बाई. घंटा तुमच्यासाठी नाही." आणि छत्री टेकत निघून गेले.

पुढच्या बैठकीत बग्गीखाना मिळाला. साफसफाई मात्र आमची आम्हीच करायची होती. सयाजीने तालमीत जाऊन सांगितलं, आणि रविवारी सकाळी लंगोटावर धोतर गुंडाळलेले पैलवान आवारात हजर. मोडक्या खाटा त्यांनी एका हाताने उचलून बाहेर टाकल्या, कबुतरांची घाण खरवडली, चुना मारला. आकाराम सुतारांनी पायत्याकडून उंच अशा उतरत्या खाटा करून दिल्या. पूर्वेला मोठी खिडकी फोडली. प्रत्येक मुलाला वेगळं भांडं, वेगळं पांघरूण. खाटेशेजारी आईची चटई. आचाऱ्याला सांगून दिवस असेपर्यंत जेवण यायला लागलं: मुगाचं कढण, साय काढलेलं दूध, ताक, गूळ-भाकरी, आणि उन्हाळ्यात लिंबाचं पाणी, त्यात मुद्दाम जास्त मीठ. गावातली माणसं त्या जागेला खोकल्याची खोली म्हणायला लागली आणि तेच नाव पडलं.

पण मुलं कायम दवाखान्यात राहणार थोडीच? श्यामलाबाईंनी ठरवलं, की घरी जाण्याआधी आईबापांनी पाठ थापायला शिकलंच पाहिजे. शिकवायचं काम सयाजीचं. मातीवर शिकलेलं तो आता पिठाच्या परातीत शिकवायचा. रत्नाबाई लवकर शिकल्या. गोमटेश लाजत होता.

"बापयानं बसून पोरीची पाठ थापायची? गावात हसत्यात वो मानसं."

"मग मी कोण हाय?" सयाजी म्हणाला. "मी काय बाई हाय व्हय? हात लावा हितं."

गोमटेशने हात लावला. पुढे तो बायकोपेक्षाही छान थापायचा.

त्रिशला घरी गेली. अंगावर थोडं मांस चढलं, शाळेत जायला लागली. दर मोसमाला चार दिवस यायची, पेनिसिलिन घ्यायची, सयाजीच्या खांद्यावर बसून आवारात फिरायची. कुठून कुठून मुलं यायला लागली. गारगोटीच्या एका बाईने तर पोराला पाठीशी बांधून डोंगर उतरून आणलं होतं. सयाजीला आता कुणी भीत नव्हतं. उलट तो दिसला नाही की पोरं रडायची. एका दिवाळीला तो गडमुडशिंगीला जाऊन आला. येताना बापाला घेऊनच आला आणि खोकल्याची खोली दाखवली. म्हातारा दारातच उभा राहिला, पोराने थापताना बघितलं. जाताना मला म्हणाला, "वस्ताद झालाय की माझा पोरगा."

छप्पन सालच्या पावसाळ्यात कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही फुगल्या. कुरुंदवाडच्या वाटा पाण्याखाली गेल्या. अशात गोमटेशचा माणूस पोहत, चालत कसाबसा आला. त्रिशलाला निमोनिया झाला होता. आणायला रस्ता नव्हता. श्यामलाबाईंना दवाखाना सोडता येत नव्हता. त्यांनी मला इंजेक्शनची पेटी दिली आणि सयाजी न विचारताच बरोबर निघाला.

शिरोळच्या पुढे सगळं पाणीच पाणी. होडी मिळेना. तिथल्या लोकांनी गुऱ्हाळातली काहील आणली. गूळ कढवायची ती मोठी पसरट कढई पुरात होडीसारखी वापरतात, हे मी ऐकून होते, बसले कधी नव्हते. मी मध्यभागी पेटी मांडीवर घेऊन बसले. दोन पोहणारे गडी कडेला धरून ढकलत होते. सयाजीने बसायला नकारच दिला. "माझ्या वजनानं बुडंल," म्हणाला, आणि तो दुखरा पाय घेऊन पाण्यात उतरला. काहील गरगर फिरत होती. मी डोळे मिटून घेतले होते. मधूनमधून त्याचा आवाज यायचा, "शिस्टर, हाय मी. हाय मी."

घरात पोहोचलो तेव्हा त्रिशलाचे ओठ निळे पडलेले. गोमटेश आणि रत्नाबाई आळीपाळीने थापून थकून गेले होते. मी सुई दिली. सयाजी ओल्या कपड्यांनिशीच बसला. रत्नाबाईंनी अंगावर घोंगडं टाकलं तेही त्याच्या लक्षात आलं नाही. पाणी उतरेपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्रिशलाने डोळे उघडले आणि म्हणाली, "मामा, तुमी पवत आलासा?"

"व्हय तर."

"पैलवानाला पवता येतंय?"

"थोडं थोडं," सयाजी म्हणाला, आणि तोंड फिरवून बाहेर ओसरीवर जाऊन बसला. मी गेले तर रडत होता. पुरुषाला असं मोकळं रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्या आजारातून ती उठली. आणखी अडीच-तीन वर्षं मिळाली. चौथीची परीक्षा दिली, धाकट्या चुलतभावाला अक्षरं शिकवली, मैत्रिणींबरोबर नदीवर गेली. शेवटी फुप्फुसंच थकली. एकोणसाठच्या हिवाळ्यात ती आमच्याच खोलीत, पूर्वेच्या खिडकीशी, आईच्या मांडीवर गेली. सकाळ होती. सयाजी पाठ थापायला आला, तेव्हा तिनेच मानेने नको म्हटलं. मग तो तिचा हात धरून नुसता बसून राहिला. ऊन खाटेवर आलं तेव्हा तिचा श्वास थांबला होता. तिला तिथून नेताना सयाजीने स्ट्रेचर घेतलंच नाही. दोन्ही हातांवर घेऊन गेला.

त्यानंतर तो खोकल्याच्या खोलीत पाऊल टाकेना. परत टाक्या, खाटा, स्ट्रेचर. श्यामलाबाई त्याला काही म्हणाल्या नाहीत. मुलांचं मी आणि त्यांच्या आया कसंबसं निभावत होतो.

महिन्याभराने रत्नाबाई आल्या. एकट्याच. हातात गुळाची ढेप. मला वाटलं, उपकार फेडायला आल्या असतील. पण त्या सरळ मागच्या पायरीकडे गेल्या, सयाजी तिथे बसला होता. मी मागोमाग गेले.

"दादा, उठा," त्या म्हणाल्या.

"मला न्हाय जमायचं आक्का."

"मला तर जमतंय व्हय?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "घरात बसलो की हात आपसूक वाटी होत्यात माझं. कुनाला थापू? नवरा म्हणाला, कोल्लापूरला जाऊन ये. म्हनून आलो. आत एक नवी बाई बसलीया, चंदगडाकडची. तान्हं पोर हाय तिचं. तिला मी दावतो. तुमी नुसतं बगा, माझं कुटं चुकतंय का."

 सयाजी गुडघ्यावर हात ठेवून उठला.

आत ती चंदगडची बाई पोराला छातीशी घट्ट धरून बसली होती, कुणाला द्यायला तयार नव्हती. रत्नाबाई तिच्या शेजारी चटईवर बसल्या, तिला नाव-गाव विचारलं, पोराचं नाव विचारलं, प्रवासात काय खाल्लं ते विचारलं. मग हळूच पोराला आपल्या मांडीवर पालथं घेतलं. दोन थापा झाल्या असतील, तोच सयाजी मागून म्हणाला, "जरा खाली, आक्का. खांद्याखाली घ्या." आणि तोही खाली बसला.

त्या दिवसापासून रत्नाबाई दर महिन्याला यायला लागल्या. चार-चार दिवस राहायच्या, नव्या आयांना शिकवायच्या, त्यांच्याशी बोलायच्या. जे आम्हाला, डॉक्टरांनाही, त्या बायकांशी बोलता येत नव्हतं, ते त्या बोलायच्या. काय बोलायच्या ते मी कधी विचारलं नाही. अंबादासपंतांनी खोलीवर त्रिशलाचं नाव लावायचं सुचवलं, तेव्हा रत्नाबाईंनी नको म्हटलं. "नाव वाचून नव्या आईला काय वाटंल?" एवढंच म्हणाल्या.

पुढे माझं लग्न ठरलं आणि मी कोल्हापूर सोडलं. निघायच्या आधी सकाळी निरोप घ्यायला गेले तर खोली रिकामी. झुंबरबाई म्हणाल्या, "तळ्यावर गेल्यात सगळी." श्यामलाबाईंचं नवीन खूळ होतं. जी मुलं चालू शकतात त्यांना सकाळच्या हवेत पळवायचं, म्हणजे छाती मोकळी होते. मी रंकाळ्यावर गेले. कट्ट्याच्या कडेने पोरं पळत होती, खोकत होती, थांबून थुंकत होती आणि परत पळत होती. सगळ्यांच्या मागून सयाजी लंगडत, धापा टाकत येत होता, आणि ओरडत होता, "दमानं रं! मागच्या मानसाला बी बगा की जरा!"

कुणी मागे वळून बघत नव्हतं.